दुपारनंतर अन्न नाही

७ सप्टेंबर, रविवार. भाद्रपद पौर्णिमा

सकाळी खाल्लेला भात संध्याकाळी जसाच्या तसा बाहेर पडला. शीत न् शीत ओळखू येत होतं. मी विहाराच्या मागे नळाचा व्हॉल्व्ह बंद करायला गेलो होतो, म्हणून दिसलं. दीपमाला भिंतीला हात टेकून वाकली होती. पांढऱ्या साडीचा पदर तोंडाशी.

आत त्याच वेळी धुरपताबाई माईकवर बोलत होत्या — "दीपमालाबाईनं वर्षावास लागल्यापासून अष्टशील धरलं. दुपारनंतर अन्नाचा कण नाई. आपण पौर्णिमेचा एक दिवस धरतो, तं चार वाजल्यापासून घड्याळाकडं पाहतो." बाया हसल्या. टाळ्या वाजल्या.

मी ओंजळीत पाणी दिलं. तिनं चूळ भरली. म्हणाली, "कोणाले सांगू नका. पौर्णिमा हाय." आणि आत जाऊन पहिल्या रांगेत बसली.

बायको पावसाळ्यातले वर्षावासाचे तीन महिने शील पाळते आहे म्हणून मी गावात मान वर करून फिरत होतो. ती वाळत चालली होती आणि मला ते तेज वाटत होतं.

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी वंदना झाल्यावर विचारलं — कधीपासून?

"वर्षावासाच्या आधीपासून. दोन घासांतच पोट भरे. मंग उलट्या सुरू झाल्या. तेवढ्यात आषाढी पौर्णिमा आली, म्या शील घेतलं. बरं झालं. संध्याकाळी कोणी जेव म्हनत नाई."

ब्लाउज तिनं आतून टाके घालून अरुंद केले आहेत. मला माहीत नव्हतं.

खोटं बोलू नये हे चौथं शील. ती खोटं बोलली नाही. कोणी विचारलंच नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

समुद्रपूरला दाखवलं. डॉक्टरांनी पोट दाबलं, म्हणाले, पित्त आहे, उपास कमी करा. गोळ्या दिल्या. परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "पाहा. डॉक्टरबी शीलालेच पकडते." त्यानंतर गावापर्यंत खिडकीतून कपाशी पाहत राहिली.

१५ सप्टेंबर, सोमवार

उलट्या चालूच. गोळ्या तिनं सोडल्या. पाकीट तसंच होतं. मला कित्येक वर्षांपासून आंबट ढेकर येतात, संध्याकाळच्या जेवणानंतर छातीपर्यंत जळजळतं. वाया कशाला घालवायच्या, म्हणून आता मीच घेतो.

सकाळी गावची पाण्याची टाकी भरायला उशीर झाला. रूपराव पाटील बादली घेऊन रस्त्यात उभे — "काय प्रेमदास, टाकी झोपली का ऑपरेटर झोपला?" मी हसलो. पाणी सोडलं. व्हॉल्व्ह उलटाच फिरवला पहिल्यांदा.

रक्षाचा फोन. ती वर्धेला कापडाच्या दुकानात आहे. "बाबा, आता कोणाचंच ऐकू नका. शुक्रवारी मी मोठ्या दवाखान्यात नंबर लावून ठेवतो. आईले घेऊन या. उपाशीपोटी."

उपाशीपोटी! ती तर तशीच आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. वर्धा

तोंडातून दुर्बीण टाकतात. मला बाहेर बसवलं. खूप वेळ लागला. पोटात जुनं अन्न साचलेलं होतं, आधी नळीनं ते काढावं लागलं, असं नंतर कळलं.

डॉक्टर एक बाई आहेत. तरुण आहेत, पण घाई नाही. म्हणाल्या, "पोटाच्या खालच्या तोंडाशी गाठ दिसते. तुकडा तपासायला पाठवला. अंदाजानं मी काही बोलणार नाही."

दीपमाला बाकावर बसून केस नीट करत होती. मला म्हणाली, "घसा सोलून काढला बाईनं. पण हाताले धरून होती माह्या."

२६ सप्टेंबर, शुक्रवार

कॅन्सर.

२८ सप्टेंबर, रविवार

परवा तो शब्द लिहिला आणि पुढे काही सुचलं नाही. आज लिहितो.

मॅडम म्हणाल्या, ऑपरेशन करावं लागेल, मग सलाईनमधून औषधं. फोटोत बाकी ठिकाणी पसरलेलं दिसत नाही. उशीर करू नका.

दीपमालानं शांतपणे ऐकलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "मी कापू देत नाई."

तिची आई, भागीरथा, पोटाच्या कॅन्सरनं गेली. नागपूरला ऑपरेशन झालं होतं. घरी परतलीच नाही. तेव्हा दीपमालानं पाय दाबले, थुंकी काढली. सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. "मायचंच माह्याकडं आलं. एकच रोग. एकच रस्ता. मले घरी मरू द्या."

 मलाही तसंच वाटतं. टाकी एक, पाणी एक. वर सडलं काय अन् खाली सडलं काय.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत. आजच्या, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवसाचं मोठेपण लहानपणापासून अंगात भिनलेलं आहे, पण आज त्रिशरण म्हणताना मध्येच अडखळलो.

दुपारी तानबा आला. दीपमालाचा मोठा भाऊ, देवळीचा. गाडी घेऊनच आला होता. म्हणाला, "जवाईबापू, मी बहिणीले घेऊन जातो. आमच्याकडं एक झाडपाल्याचा माणूस हाय. कापाकापी नाई."

मी म्हटलं, तिला विचारा.

ती आधीच पिशवी भरून बसली होती.

४ ऑक्टोबर, शनिवार

टाकीचं काम रूपरावांच्या हवाली करून देवळीला गेलो. ते म्हणाले, "जा लेका. पाणी नाई आलं तं गाव मले शिव्या देईन, तुले नाई." चांगला माणूस.

तानबाच्या अंगणात दीपमाला बाजेवर पडलेली. दोन दिवसांत डोळे आत गेले. हिरवा रस पाजतात, तो संध्याकाळी परत येतो. मी तानबाला म्हटलं, "भाऊ, सोमवारी माझ्यासोबत चला. डॉक्टरीणबाईंना तुम्हीच विचारा काय विचारायचं ते. त्यांचं पटलं नाही तर मी पुन्हा बोलणार नाही."

तो भडकला. "काय विचारू? नागपूरले म्याच विचारलं होतं. म्याच हो म्हटलं होतं, जवाईबापू. तुमी नव्हते तिथं. कापा म्हणून म्या म्हटलं अन् मायले पांढऱ्या कपड्यात बांधून आणली. आता बहिणीलेबी म्याच हो म्हणू काय?"

त्याची बायको चहा ठेवून आत गेली. कोणी चहा घेतला नाही.

मग दीपमाला बाजेवरूनच बोलली. "दादा, उलटीत आज सकाळचीच खिचडी होती. तुह्या माणसाचा रस तिच्यावर तरंगत होता." आणि हसली. हसण्यात जोरच नव्हता. "चल सोमवारी. त्या बाईले पाहून तं घे."

६ ऑक्टोबर, सोमवार. वर्धा

हे सगळं नीट लिहून ठेवतो. आज जे ऐकलं ते पूर्वी कोणी सांगितलं नव्हतं.

तानबा खुर्चीवर बसला नाही. उभाच. म्हणाला, "बाई, माह्या मायलेबी हाच होता. कापल्यावर गेली. मंग हिले कापून काय होणार?"

मॅडमनी वळून दीपमालाला विचारलं, "आईला काय खाता येत नव्हतं?"

"भाकर. घास इथं अडके." तिनं छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "मंग भातबी अडके. शेवटी शेवटी पाणी."

"आणि तुम्हाला?"

"मले काहीच अडकत नाई. सारं उतरते. पण पुढं जात नाई."

मॅडमनी कागदावर पखालीसारखी वाकडी पिशवी काढली. वर एक तोंड, खाली एक तोंड. वरच्या तोंडाशी फुली मारली — ही आई. खालच्या तोंडाशी दुसरी — ही तुम्ही. म्हणाल्या, "दोघींनाही पोटाचा कॅन्सर म्हणतात, पण आजार एकसारखा नाही. वर, जिथं अन्ननलिका पोटाला मिळते, तिथं झाला तर घास अडकतो. आधी कोरडं, मग मऊ, मग पातळसुद्धा. ज्यांना वर्षानुवर्षं आंबट वर येतं त्यांच्यात तो जास्त दिसतो. खाली झाला तर घास उतरतो, पण पोटातून आतड्यात जायची वाटच बंद होते. अन्न साचतं, मग उलटी. त्यात बरेचदा एक जंतू सापडतो. लहानपणीच पोटात शिरतो, एकाच घरात अनेकांना असतो. यांच्या तुकड्यात तो सापडला. घरातल्यांनीही एकदा तपासून घ्या."

तानबा म्हणाला, "अन् कापणं?"

"आईंचं बहुतेक सगळं पोट काढलं असेल. अन्ननलिकेचा तुकडाही. ते ऑपरेशन जड असतं, छातीपर्यंत जातं. यांचं खालचं पोट काढायचं, वरचं राहतं, त्याला आतडं जोडायचं. हेही लहान नाही. मी खात्री देत नाही. सोपा कॅन्सर नसतोच. पण आईकडे पाहून यांचं ठरवू नका."

तानबानं वरच्या फुलीवर बोट ठेवलं. मग हळू विचारलं, "मंग तवा माह्यं चुकलं काय?"

"नाही. जागाच कठीण होती. आणि ऑपरेशन केलं नसतं तर त्यांना पाणीही उतरलं नसतं."

तो बाहेर गेला. आम्ही निघालो तेव्हा कँटीनच्या भिंतीकडे तोंड करून उभा होता. मला पाहून गमछ्यानं नाक पुसलं. "काय जवाईबापू. एवढ्या वर्षांच्या टाक्या तुमच्या, अन् खालचा पाइप वरचा पाइप तुमाले समजला नाई?"

खरं आहे. नाही समजला.

बसमध्ये तो कागद माझ्या खिशात होता. वरच्या तोंडाची फुली पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत होती. का, कोण जाणे.

७ ऑक्टोबर, मंगळवार. अश्विन पौर्णिमा

वर्षावास संपला. पण दीपमाला म्हणते, शील सोडणार नाही. रिपोर्ट आला त्या दिवशी तिनं मनात धरलं होतं — बरी होईन तोवर दुपारनंतर अन्न नाही.

मॅडमनी तर सांगितलं आहे, ऑपरेशनपर्यंत अंगात ताकद पाहिजे, थोडं थोडं पातळ दिवसभर घ्यायचं, संध्याकाळीसुद्धा. दुधाचा पेला मी तिच्यासमोर धरला. तिनं तोंड फिरवलं. सूर्य मावळत होता. आम्ही दोघंही चिडलेलो.

मी म्हटलं, "तुझं शील मी चालवतो. आजपासून. तू बरी होईपर्यंत. तू पी."

"असं चालते?"

"चालतं की नाही मला माहीत नाही. मी चालवतो."

तिनं पेला घेतला. चमच्यानं प्याली. मी पाहत बसलो. बुद्धरूपासमोर मेणबत्ती लावली आणि जेवलो नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

भरती केलं. नाकातून नळी टाकून पोट धुतात. रक्षा आईपाशी थांबते. मी गावातलं पाणी सोडून पहिल्या बसनं येतो, संध्याकाळी परत.

एक चांगलं झालं. संध्याकाळचं जेवण सुटलं, तशी छातीतली जळजळही कमी झाली. शीलाचा गुण.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आत नेलं. जाताना तिनं कानातले काढून रक्षाच्या हातात दिले आणि मला म्हणाली, "टाकी भरून आले का?"

तानबा आला. आम्ही दोघं बाकावर. तो तंबाखू मळत होता, तोंडात टाकत नव्हता. मळून झाली की फेकायचा. पुन्हा मळायचा.

मी मनातल्या मनात म्हणत होतो, सर्व प्राणी सुखी होवोत. मग लक्षात आलं, सर्व प्राणी म्हणताना मी एकाच प्राण्याला म्हणत आहे. तसंच म्हणत राहिलो.

दुपार टळल्यावर मॅडम आल्या. टोपीच्या रेघा कपाळावर. "झालं. खालचं पोट काढलं. वरचं राहिलं आहे."

तानबा खाली बसला. तिथंच, फरशीवर.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दोन चमचे पाणी. उतरलं. पुढे गेलं. परत आलं नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

काढलेल्या भागाचा रिपोर्ट. कडा साफ आहेत. पोटाजवळच्या काही छोट्या गाठींमध्ये मात्र कॅन्सर सापडला. म्हणून सलाईनची औषधं घ्यावीच लागतील. दीपमाला मॅडमना म्हणाली, "घेऊ. दादा आता तुमच्यापेक्षा मोठा डॉक्टर झाला. सारं देवळी ऐकवून राह्यला, वरचं तोंड, खालचं तोंड."

मॅडमनी पुन्हा विचारलं, घरातल्यांनी तपासलं का? मी म्हटलं, हिचं होऊ द्या.

२७ ऑक्टोबर, सोमवार

घरी. रूपरावांनी दारात पाण्याचा कॅन भरून ठेवला होता.

९ नोव्हेंबर, रविवार

तिला आता दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्यायचं. एक वाटी वरण, थोड्या वेळानं एक अंडं, मग मऊ भात. घरात सारखं कोणी ना कोणी जेवतंय असं वाटतं. किती वर्षांनी या घरात जेवणाचा एवढा गोंधळ!

सकाळी ती वाटी घेऊन बसते, मी ताट घेऊन. आज ती म्हणाली, "तुमी काऊन एवढं पाणी पिऊन राह्यले? घास कमी, घोट जास्त."

म्हटलं, थंडी पडली, नरडं कोरडं होतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिलं सलाईन झालं. दोन दिवस ती झोपून. आज उठून बसली. उलटी नाही.

मी सकाळी भात करायला सांगितलं. ती रक्षाला फोनवर म्हणाली, "तुह्या बाबाले जवारीच्या भाकरीशिवाय चालत नव्हतं. आता रोज भात मागून राह्यले." रक्षा तिकडून काही बोलली. दीपमाला हसली नाही. माझ्याकडे पाहत फोन धरून बसली.

गेल्या आठवड्यात भाकर छातीशी थांबली होती. पाण्यानं उतरली. घाईत खाल्ली असेन, दुपारच्या आत आटपायचं असतं.

४ डिसेंबर, गुरुवार. मार्गशीर्ष पौर्णिमा

ऑपरेशननंतर दीपमाला पहिल्यांदाच विहारात आली. बायांनी तिला मध्ये बसवलं, कोणी खोबरं दिलं, कोणी शाल.

धुरपताबाईंनी माईक घेतला. "अन् प्रेमदासभाऊकडं पाहा. बायकोसाठी अश्विनापासून अष्टशील. दुपारनंतर कण नाई. बाईलेबी मागं टाकलं. चेहऱ्यावर कसं तेज आलं."

टाळ्या. मी हात जोडले. पांढरा सदरा खांद्यावरून सरकला, मी सावरला.

दीपमालाचे हात मांडीवरच होते. ती माझ्या गळ्याकडे पाहत होती.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी तिनं ज्वारीची भाकर केली. बऱ्याच दिवसांनी स्वतः. ताट माझ्यापुढे ठेवलं आणि पाण्याचा तांब्या उचलून स्वतःच्या मागे ठेवला. "खा. पाण्याबिगर."

एक घास. दुसरा घास छातीच्या मधोमध थांबला. मी गिळत राहिलो. तिनं तिथंच, बरोबर तिथंच, बोट ठेवलं.

"शीलाच्या आड म्याबी लपली होती. मले काय शिकवता?" तांब्या पुढे केला. पाठ चोळत राहिली.

उद्या वर्धेला. पिशवी तिनं भरली आहे. म्हणते, ह्या खेपेस पिशवी मी धरतो, तुमी फक्त माह्या मागं या.